हिंदुरावांचे डोळे

महाळुंग्यातल्या कुठल्याही जुन्या घरात जा आणि भिंतीवरचे फोटो नीट पाहा. माजी सरपंच असोत, सुतार असोत की टपाल वाटणारे असोत, सगळ्यांच्या अंगात एकच कोट दिसेल. निळा, डाव्या खिशाला बारीक रफू केलेला. हा कोट रहिमान तांबोळी यांच्या 'माहेनूर फोटो स्टुडिओ'त दाराआड खिळ्याला टांगलेला असतो. मापाचा प्रश्न येत नाही, कारण रहिमानभाई तो पाठीमागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळतात. समोरून पाहणाऱ्याला वाटते की साहेबांनी कोट शिवूनच घेतला आहे.

माझी आणि रहिमानभाईंची ओळख गेटपासमुळे झाली. आमच्या कंपनीत नवा कामगार आला की त्याचे दोन फोटो लागतात आणि फाटकापासून सगळ्यात जवळचा स्टुडिओ त्यांचा. बावीस वर्षे मी त्यांच्याकडे माणसे पाठवली आणि त्यांनी ती नीट भांग पाडून, शर्टाचे वरचे बटण लावून परत पाठवली. मी चिखलीला राहतो. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते आणि गेल्या वर्षापासून माझे बहुतेक गुरुवार त्यांच्या दुकानातच जातात.

त्याला कारण त्यांनी आणलेला स्कॅनर. चौतीस वर्षांच्या नेगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवलेल्या होत्या. एका पावसाळ्यात त्यातल्या एका डब्याला बुरशी लागली आणि एका घराचे आख्खे लग्न पांढऱ्या ठिपक्यांत गेले. रहिमानभाईंना दोन दिवस जेवण गेले नाही. मग त्यांनी ठरवले की सगळ्या नेगेटिव्ह कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या.

"लोकांची माणसं आहेत ती, साहेब," ते मला म्हणाले. "माझ्या माळ्यावर किती दिवस बसवून ठेवू?"

मी म्हणालो, आधी डब्यांना अनुक्रमांक घालू, मग पाकिटांना. त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली. "माझी लावणी मोडायची नाही."

त्यांची लावणी अशी होती. लग्नांच्या नेगेटिव्ह नवऱ्या मुलाच्या आडनावाने. पासपोर्ट फोटोंच्या सालाप्रमाणे. आणि बैलगाड्याच्या शर्यतींच्या नेगेटिव्ह बैलांच्या नावाने. त्या डब्यांत माणसाचे नाव कुठेच नाही. नुसते सर्जा, लखन्या, हरण्या, शंभू. मी विचारले, हे काय? तर म्हणाले, "शर्यत झाली की दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी. आमच्या सर्जाचा फोटो आला का, आमच्या शंभूचा आला का. मालकाचं नाव कोण सांगतंय? मालक मागच्या बाजूला अर्धा कापला गेला तरी चालायचं, बैलाचं शेपूट कापलेलं चालायचं नाही. आईबापाच्या फोटोपेक्षा मोठी फ्रेम बैलाला असायची."

रहिमानभाईंचे घराणे चाकणचे. वडिलांची पानाची गादी होती. रहिमानभाईंना पानापेक्षा कॅमेऱ्यात रस. पिंपरीच्या एका स्टुडिओत त्यांनी चार वर्षे काम शिकून घेतले आणि नव्वद साली, बाविसाव्या वर्षी, महाळुंग्यात येऊन स्वतःचे दुकान टाकले. तेव्हा इथे कारखाने नव्हते, बाजरी आणि कांदा होता. पाटीवर काय नाव लिहावे म्हणून त्यांनी 'माहेनूर' लिहिले, म्हणजे उजेडाचा चंद्र. पुढे मुलगी झाली तेव्हा तिचेही नाव तेच ठेवले. त्यांच्या पत्नी झुलेखाभाभी म्हणतात, "पाटी नवीन रंगवायला लागू नये म्हणून."

त्या काळात गावात फोटो काढायचे प्रसंग दोनच, लग्न आणि शर्यत. तिसरा प्रसंग म्हणजे माणूस गेल्यावर. घरातला कर्ता गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी दुकानात यायचे आणि म्हणायचे, दहाव्याला फोटो पाहिजे. फोटो कुठला? कधी काढलेलाच नसायचा. मग रहिमानभाई लग्नांचे डबे खाली घ्यायचे. कुणाच्या तरी पंगतीत, पत्रावळीवर वाकलेला, नाहीतर मांडवाच्या कडेला उभा, असा तो माणूस शोधून काढायचे. त्याचे तोंड मोठे करायचे, खाली कोट चढवायचा, मागची माणसे ब्रशने पुसायची. गावातले कितीतरी आजोबा असे दुसऱ्याच्या लग्नातून उचलून आपापल्या घरी पोचवलेले आहेत.

त्यातलेच एक हिंदुराव. त्यांच्या घरी मी रहिमानभाईंबरोबर दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा एक गोष्ट पाहिली होती. बाहेरच्या खोलीत हिंदुरावांचा हार घातलेला फोटो आहे. रहिमानभाई आत आले की खुर्ची उचलायचे, फिरवायचे आणि फोटोकडे पाठ करून बसायचे. मला वाटायचे, पंख्याचा वारा लागावा म्हणून.

मार्चमधल्या एका गुरुवारी कारण कळले.

दुपारी बाराच्या सुमारास दुकानासमोर स्कूटर थांबली. संस्कृती चालवत होती आणि मागे तिची आजी दुर्गाबाई, हिंदुरावांची पत्नी. मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम दोन्ही हातांनी धरलेली. दुर्गाबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. मुलगा गोरक्ष दुसऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर. संस्कृती त्याची मुलगी, हिंजवडीला नोकरी करते आणि तिचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते. महिन्याभरापूर्वी दुर्गाबाईंच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला होता आणि तेव्हापासून त्या घरात कुणाची धडगत नव्हती.

"रोज एक नवीन सापडतं हिला," संस्कृती म्हणाली. "परवा पप्पांना म्हणाली, तुझ्या कानात केस आलेत. काल म्हणाली, फरशी हिरवी आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. आज फोटो."

दुर्गाबाईंनी टॉवेल सोडला आणि फ्रेम काउंटरवर ठेवली. टोपी, मिशा, निळा कोट.

"रहिमान," त्या म्हणाल्या, "ह्ये डोळे आमच्या मालकांचे न्हाईत."

रहिमानभाई पुसत होते ती लेन्स पुसतच राहिले. "मावशी, जुना फोटो आहे. तीस वर्षं झाली. रंग उडतो."

"रंग उडतो, बाबा. डोळे बदलत न्हाईत."

"तेव्हा तर तुम्ही काही बोलला नाहीत."

"तवा पदराआडनं बघितलं. माणूस गेल्यालं, डोळ्यात पाणी. वाटलं, फोटूत माणूस असाच दिसत आसंल. मग फोटू गेला वर भिताडावर, आन् पुढं मला दिसंनासंच झालं. आता डॉक्टरनं नवी भिंगं घातल्यात. काल हार बदलाया फोटू खाली घेतला, तर ह्यो माणूस माझ्याकडं परक्यावानी बघतोय."

एवढे बोलून त्यांनी मान वर केली आणि रहिमानभाईंच्या तोंडाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. रहिमानभाईंची डावी पापणी जरा खाली उतरलेली आहे. ओळखीच्या माणसाला ते लक्षातही येत नाही. दुर्गाबाईंनी फोटोकडे पाहिले, पुन्हा रहिमानभाईंकडे पाहिले.

"रहिमान, चष्मा काढ बरं."

आतल्या दारातून झुलेखाभाभी चहाचे कप घेऊन येत होत्या. त्या तिथेच थांबल्या. "सांगून टाका आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तीस वर्षं त्या घरात खुर्ची फिरवून बसताय. मान आखडेल एखाद दिवशी."

रहिमानभाईंनी चष्मा काढला. संस्कृतीने फ्रेम उचलून त्यांच्या तोंडाशेजारी धरली आणि तिला हसू आवरेना. मलाही आवरले नाही, खरे सांगायचे तर. कोटातल्या हिंदुरावांचे आणि काउंटरमागच्या रहिमानभाईंचे डोळे एकच होते. डावी पापणी खाली, उजवा डोळा जरा विचारात पडलेला.

मग त्यांनी सगळे सांगितले. त्र्याण्णव साली हिंदुराव गेले. गोरक्ष तेव्हा सतरा-अठराचा, दुकानात येऊन फोटो मागून गेला. रहिमानभाईंनी लग्नांचे डबे धुंडाळले. तीन लग्नांत हिंदुराव सापडले आणि तिन्ही ठिकाणी त्यांचे डोळे मिटलेले. डोळे ब्रशने काढायचा प्रयत्न केला, पण ते बाहुलीच्या डोळ्यांसारखे दिसू लागले. दहावा दुसऱ्या दिवसावर आलेला. शेवटी त्यांनी कॅमेरा तिपाईवर चढवला, सेल्फ-टायमर लावला आणि हिंदुरावांची मान होती तशीच मान करून स्वतः समोर बसले. झुलेखाभाभी तेव्हा नव्या नवरी होत्या, त्यांनी दिवा धरला. मग स्वतःचे डोळे ब्लेडने कापून हिंदुरावांच्या तोंडावर बसवले, कडा पेन्सिलीने मिटवल्या आणि त्याचा पुन्हा फोटो काढला.

"दुसऱ्या कुणाचे लावायला मन धजेना, मावशी," ते म्हणाले. "उद्या तो माणूस तुमच्या दारात उभा राहिला असता तर? माझे लावले तर निदान मला माहीत."

दुर्गाबाईंनी चहाचा कप बशीत ओतला. "म्हंजे तीस वर्सं दर आवसं-पुनवंला म्या तुला नमस्कार घालतीय."

"मावशी, माफ करा."

"आन् तू येऊन पाठ करून बसतोस. आशीर्वाद तरी द्यायचा."

संस्कृतीने कपाळाला हात लावला. पण दुर्गाबाईंनी बशी खाली ठेवली तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"आता ऐक. तीन आठवड्यांनी पोरीची हळद. देवापुढं ह्यांचा फोटू ठेवनार, पोरगी पाया पडनार. तिनं आज्याला कवा बघितलं न्हाई, आज्यानं तिला न्हाई. निदान त्या दिवशी तरी आज्यानं आपल्या डोळ्यांनी नातीकडं बघावं. तुज्या न्हाई. त्यांचे डोळे मला पायजेत. कुठनं आनतोस ते तू बघ."

"आजी, हे मोबाईलवर होतं आता," संस्कृती म्हणाली. रहिमानभाईंकडून तिने मूळ लग्नातला, डोळे मिटलेला फोटो मागून घेतला, मोबाईलने टिपला आणि दोन-चारदा बोट फिरवले. हिंदुरावांचे डोळे उघडले. मोठे, घारे, एखाद्या नटासारखे.

दुर्गाबाईंनी मोबाईल लांब धरून पाहिला. "ह्यो आनखी कोन?"

संस्कृतीने मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला.

रहिमानभाई मात्र त्या तीन मिटलेल्या फोटोंकडेच पाहत होते. "मावशी, मालक नेहमी डोळे मिटायचे?"

"न्हाई रं. तुजं ते इजेवानी चमकायचं की गपकन मिटायचे. मुद्दाम न्हाई, आपसूकच."

"फ्लॅश," रहिमानभाई माझ्याकडे वळून म्हणाले. "तिन्ही लग्नं मांडवातली, तिन्ही फ्लॅशची. मांडवात हा माणूस सापडायचा नाही, साहेब. उन्हात शोधायला पाहिजे." मग दुर्गाबाईंना विचारले, "मालक उन्हात कुठं असायचे?"

"शेतात."

"शेतात मी कॅमेरा घेऊन कशाला जातोय? आणखी कुठं?"

"घाटात," दुर्गाबाई म्हणाल्या. घाट म्हणजे ज्या चढावर बैलगाडे पळवतात ती धावपट्टी. "यात्रेच्या दिवशी सकाळी न्याहारी करून जे जायचे ते दिवस मावळल्यावर यायचे. निस्ता भंडारा आंगावर."

रहिमानभाईंनी स्टूल ओढले आणि माळ्यावरून बैलांचे डबे खाली घ्यायला लागले. एकूण सात. "बैलाचं नाव सांगा."

"पाखऱ्या. पांढरा, आंगावर काळे ठिपके."

आमच्या यादीत पाखऱ्या अकरा निघाले. मी पाकिटे काढून देत होतो, रहिमानभाई एकेक पट्टी दिव्यावर धरत होते आणि दुर्गाबाई भिंग लावून पाहत होत्या. नेगेटिव्हमध्ये पांढरा बैल काळा दिसतो आणि काळे ठिपके पांढरे, हे त्यांना एकदा सांगितले, पुन्हा सांगावे लागले नाही.

"ह्यो न्हाई. ह्याची शिंगं बाहेर गेल्यात. ह्यो बी न्हाई, ह्यो तर म्हातारा हाय. ह्यो ठेंगू. ह्येच्या कपाळाला चांद कुठाय? आमच्या पाखऱ्याला चांद व्हता."

अकरावा पाखऱ्याही त्यांचा निघाला नाही. तीन वाजत आले होते. दुर्गाबाईंनी फ्रेम पुन्हा टॉवेलात गुंडाळली, पण आता ती मांडीवर न घेता संस्कृतीच्या हातात दिली. रहिमानभाई दारापर्यंत गेले आणि स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

"पाऊसपाण्यात खराब झालं असेल एखादं पाकीट," मी म्हणालो.

"माझ्याकडं बैल खराब झालेले नाहीत," ते म्हणाले. "एक लग्न गेलं, ते मला माहीत आहे. बैल सगळे आहेत."

पुढचा आठवडा त्यांनी दुकान उघडे ठेवून आत बसून काढला. गेटपासला आलेली पोरे बाकावर वाट पाहायची. मी कामगार पाठवले की ते परत येऊन सांगायचे, "काका बैल बघतायत." झुलेखाभाभींनी शेवटी स्वतः कॅमेरा हातात घेतला आणि आमच्या कंपनीचे नऊ फोटो काढून दिले. त्या नऊ जणांची बटणे उघडी आहेत, पण चेहरे छान हसरे आहेत.

दुसऱ्या गुरुवारी मी गेलो तेव्हा दुर्गाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. बरोबर गोरक्ष होता, पहिली पाळी करून तसाच आलेला, अंगात कंपनीचा शर्ट. त्याला यायचे नव्हते हे दिसत होते.

"आई, लग्नाची शंभर कामं पडलीत. फोटो आहे तो काय वाईट आहे? लोक ओळखतात आबांना त्यावरनं."

"लोक रहिमानला वळखत्यात," दुर्गाबाई म्हणाल्या.

गोरक्षने रहिमानभाईंकडे पाहिले आणि मान खाली घातली. तो हसत होता की चिडला होता, मला कळले नाही.

आम्ही पुन्हा पाखऱ्यांपासून सुरुवात केली. झुलेखाभाभी कोटाला इस्त्री करत होत्या. दोन-तीन पाकिटे झाल्यावर त्यांनी इस्त्री उभी केली.

"मावशी, एक विचारू? तुम्ही घाटात कधी गेला होतात का?"

"मी? बायामानसं कुठं जायची तवा घाटात. आमी घरी पुरणपोळ्या लाटायच्या."

"मग पाखऱ्या हे नाव ठेवलं कुणी?"

"म्याच. ठिपके व्हते म्हनून. गोठ्यात मीच हाक मारायची, मीच पेंड घालायची."

झुलेखाभाभी गोरक्षकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही वडिलांबरोबर जायचात ना? घाटात भोंग्यावर काय पुकारायचे?"

गोरक्षने आधी आईकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "वजीर."

"काय?"

"वजीर. आबांनी तो ज्याच्याकडनं घेतला त्यानं वजीर म्हणून पळवला होता. नावाजलेला बैल. भोंग्यावर तेच नाव राहिलं. महाळुंगेकरांचा वजीर आला रे, पोरं बाजूला घ्या..." त्याचा हात आपोआप वर गेला होता. शिफ्टचा थकवा कुठे गेला कोण जाणे. "भिर्रर्र म्हणायचे आणि मग काही दिसायचंच नाही, नुसती धूळ."

"गधड्या," दुर्गाबाई म्हणाल्या, "आठ दिस आमी पाखऱ्या धुंडतोय."

"मला कुणी विचारलं का? मला म्हणालात फोटो सापडत नाही. बैल सापडत नाही असं कोण बोललं?"

मी तोवर सहावा डबा उघडला होता. वजीर नावाची तीन पाकिटे होती. पहिल्यातला काळा निघाला, दुसऱ्यातला तांबडा. तिसऱ्यावर रहिमानभाईंच्या अक्षरात 'वजीर, चांद, ९२' असे लिहिलेले होते. पट्टीत चार फोटो. पहिल्या दोनांत धूळ. तिसऱ्यात बैलाचे मागचे पाय. चौथा रहिमानभाईंनी दिव्यावर धरला, स्कॅनरमध्ये घातला आणि पडदा दुर्गाबाईंकडे फिरवला.

मधोमध बैल. पांढरा, ठिपक्यांचा, कपाळावर चांद, अंगभर भंडारा. शर्यत जिंकून आलेला असावा, कारण गळ्यात हार होता आणि नाकपुड्या फुललेल्या होत्या. फोटोच्या उजव्या कडेला बैलाचा कासरा धरलेला एक माणूस. टोपी मागे सरकलेली, सदरा घामाने अंगाला चिकटलेला. तोंड अर्धवट उघडे, आणि डोळे पूर्ण उघडे. तो कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. बैलाकडे पाहत होता.

दुर्गाबाई खुर्चीवरून उठल्या आणि पडद्याजवळ गेल्या. नाक टेकेल इतक्या जवळ. रहिमानभाईंनी चित्र थोडे मोठे केले, मग आणखी थोडे. हिंदुरावांचे डोळे बारीक, जरा पिंगट, कडांना सुरकुत्या पडलेल्या. पंचेचाळिशीतल्या माणसाला एवढ्या सुरकुत्या हसूनच पडत असाव्यात.

"ह्येच," दुर्गाबाई म्हणाल्या.

गोरक्ष आईच्या मागे येऊन उभा राहिला. त्याचे डोळेही तसेच बारीक आणि पिंगट आहेत हे मला तेव्हा दिसले. इतकी वर्षे भिंतीवरच्या फोटोशी तोंड जुळत नाही म्हणून गावात सगळे त्याला आईच्या वळणावर गेला म्हणत.

दुर्गाबाईंनी पडद्यावर बोट टेकवले. "घाटात असे बघायचे व्हय बैलाकडं." मग पदर डोक्यावर नीट घेऊन म्हणाल्या, "माझ्याकडं बघितलं असतं एवढं, तर दोन पुरणपोळ्या जास्त लाटल्या असत्या."

रहिमानभाई खुशीत आले होते. त्यांनी माऊस हातात घेतला. "आता बघा मावशी. बैल बाजूला काढतो, मालक मधोमध घेतो, खाली कोट..."

"बैलाला हात लावू नगं."

"अहो, पण देवापुढं ठेवायचाय ना? फोटोत तीन हिस्से बैल आहे."

"आसू दे. बैल काढलास तर मालक कुनाकडं बघत्यात ते कसं कळंल? आन् कोट तर मुळीच नगं. त्या कोटात गाव मावलंय, ह्यांना उघड्यावर ऱ्हाऊ दे."

तीस वर्षे लोकांच्या मागची माणसे पुसण्यात गेलेल्या रहिमानभाईंना हे जड गेले. त्यांनी धुळीचे ठिपके काढू का म्हणून विचारले. दुर्गाबाईंनी तेवढी परवानगी दिली, पण भंडाऱ्याचे ठिपके तसेच ठेवायला सांगितले. कुठला ठिपका धुळीचा आणि कुठला भंडाऱ्याचा हे गोरक्ष शेजारी बसून दाखवत राहिला. शंभर कामांतले एकही काम त्याला त्या दुपारी आठवले नाही.

हळदीच्या दिवशी मी सपत्नीक गेलो होतो. देवापुढच्या पाटावर नवी फ्रेम ठेवली होती. आलेली प्रत्येक बाई आधी विचारायची, "ह्यो बैल कुनाचा?" आणि दुर्गाबाई प्रत्येकीला सांगायच्या, "घरी पाखऱ्या, घाटात वजीर. आन् कासरा धरलाय ते आमचे मालक." संस्कृती पाया पडायला वाकली तेव्हा गोरक्षने फ्रेम जरा तिरकी केली. त्यामुळे झाले असे की हिंदुरावांची बैलाकडे लागलेली नजर बैलावरून पुढे गेली आणि नेमकी वाकलेल्या नातीच्या डोक्यावर आली. तसा हेतू होता की फ्रेम नुसती घसरत होती, मी विचारले नाही.

जुना फोटो मात्र त्याच्या खिळ्यावरच होता. नवा हारही होता त्याला. रहिमानभाई तो परत नेण्यासाठी पिशवी घेऊन आले होते.

"मावशी, आता हा काढून टाकू या."

"कशाला?" दुर्गाबाई म्हणाल्या. "तीस वर्सं ह्या डोळ्यांम्होरं पोरं परीक्षेला गेली, नोकरीला गेली. पाया पडल्याबिगर एक बी गेला न्हाई. आता पावन्यासारखं घालवून देऊ व्हय? बस तिथं. आन् खुर्ची फिरवू नगं."

रहिमानभाई बसले. पहिल्यांदाच फोटोकडे तोंड करून बसले. कधी खाली पाहत होते, कधी वर.

लग्नासाठी ड्रोनवाल्या पोरांची मोठी टोळी ठरवलेली होती, पण घरातला फोटो रहिमानभाईंनीच काढायचा असे दुर्गाबाईंनी बजावले होते. बाहेरच्या खोलीत सगळे भिंतीला लागून उभे राहिले. मध्ये पिवळी धमक संस्कृती, तिच्या शेजारी आजी, मागे गोरक्ष, आणि सगळ्यांच्या डोक्यावर खिळ्यावरचा कोटातला फोटो. खोलीत उजेड कमी, म्हणून फ्लॅश लावलेला. रहिमानभाईंनी तिपाईवरच्या कॅमेऱ्यातून पाहिले, दोघांना आत सरकवले, एकाला टोपी सरळ करायला लावली.

"रहिमान," दुर्गाबाईंनी हाक मारली, "तुजे डोळे तीस वर्सं आमच्या घरात हायेत. आता बाकीचा बी ये. आन् झुलेखाला घेऊन ये."

"मावशी, मग काढणार कोण?"

"तवा कुनी काढला व्हता?"

रहिमानभाईंनी माझ्याकडे पाहिले, भाभींकडे पाहिले आणि सेल्फ-टायमर लावला. मग भाभींचा हात धरून भिंतीकडे पळाले. वाटेत पाट आडवा आला, तो ओलांडला, आणि गोरक्षच्या शेजारी पोचून मान वर करतात न करतात तोच फ्लॅश पडला.

मी कॅमेऱ्याच्या जवळ होतो, म्हणून पडद्यावर आधी मीच पाहिले. फोटो उत्तम आला होता. एकोणीस माणसे, सगळी जागच्या जागी, सगळ्यांचे डोळे उघडे. फक्त रहिमानभाईंचे मिटलेले.

ते धापा टाकत आले, त्यांनी पडदा पाहिला आणि हात जोडले. "मावशी, थांबा सगळे. माझे डोळे मिटले. पुन्हा काढतो."

तोवर मंडळी पांगायला लागली होती आणि आतून हळदीचे ताट आले होते. दुर्गाबाई जवळ आल्या. नव्या भिंगांतून त्यांनी तो छोटा पडदा निरखून पाहिला आणि मग बोट वर, फोटोतल्या फोटोवर ठेवले.

"कशाला पुन्ना? डोळे हायेत की तुजे. वर भिताडावर."